रेझिन काही वाळेना

शुक्रवारी सकाळी उत्कर्षानं फ्रेमवर हलकेच बोट टेकवलं आणि ते सुटेना. जोर लावून ओढलं, तर बोटाबरोबर पाकासारखी लांबच लांब तार वर आली.

फ्रेम नणंदेसाठी होती. पूनमच्या लग्नातला हार उत्कर्षानं वर्षभर सुकवून जपला होता. मागच्या आठवड्यात त्यातली फुलं तिनं गोल साच्यात मांडली आणि त्यावर रेझिन ओतलं. तो थर काचेसारखा कडक झाला. बुधवारी वरचा शेवटचा थर ओतला, तो मात्र दोन दिवस झाले तरी चिकटच. रविवारी पूनमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता आणि ती नवऱ्याला घेऊन माहेरी, सोलापूरच्या भवानी पेठेत, जेवायला येणार होती.

"चोवीस तासांत वाळतंय म्हणून लिवलंय की हितं!" सासरे, निंगप्पा, रेझिनचा कॅन हातात घेऊन गरजले. "अट्ठेचाळीस झाले! ही लोकांची फसवणूक हाय!"

निंगप्पांनी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात तीस वर्षं काढली होती. त्यामुळे ज्याला झाकण आहे अशा प्रत्येक पदार्थावर त्यांचा अधिकार चालायचा. त्यांनी कॅनवरचा कंपनीचा नंबर फिरवला आणि सगळ्या घराला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे उदयसिंह नावाचा सौम्य माणूस होता.

"प्रमाण काय घेतलं होतं, काका?"

"तुमीच लिवलंय ते. पयल्या बाटलीतलं दोन भाग, दुसरीतलं एक. सुनेनं काट्यावर मोजलंय. आमच्याकडं अंदाजपंचे चालत न्हाई."

"किती वेळ ढवळलं?"

"पाच मिंटं, घड्याळ लावून!" उत्कर्षा मागून म्हणाली.

"खोलीत गारवा वगैरे आहे का? गारव्यात वेळ लागतो."

निंगप्पा उसळले. "गारवा? अवो, सोलापूर हाय हे! एप्रिलात गारवा कुटनं आणू?"

"मग जरा उबदार जागी ठेवून बघा," असं म्हणून उदयसिंहांनी फोन ठेवला.

उबदार जागा शोधायला सोलापुरात कष्ट पडत नाहीत. उत्कर्षा "मामा, थांबा, मामा," म्हणेपर्यंत निंगप्पा फ्रेम घेऊन गच्चीवर पोचले होते. धूळ बसू नये म्हणून त्यांनी वर कारखान्यातला कोरा टॉवेल पसरला. दोन तासांनी उचलायला गेले, तर टॉवेलबरोबर फ्रेमही उठली. रेझिन उन्हानं आणखी पातळ होऊन टॉवेलच्या एकेका टाक्यात शिरलं होतं. निंगप्पांनी एका हातानं फ्रेम धरली, दुसऱ्यानं टॉवेल ओढला, आणि शेवटी सदऱ्याची बाहीही त्यातच अडकली.

फ्रेम, टॉवेल आणि सासरे असे तिघं एकत्रच जिना उतरून आले. सासूबाई गोजरबाईंनी शांतपणे कात्री आणली आणि बाही कापली.

"आता मी त्यांना कोर्टात खेचतो!" अर्ध्या बाहीचे निंगप्पा ओरडले आणि त्यांनी पुन्हा फोन लावला. "सायेब, माझ्या पोरीच्या लग्नाची फुलं हाईत ती! पुन्ना आणून देणार का तुमी?"

उदयसिंह म्हणाले, "काका, एक करा. दोन्ही बाटल्या तिरक्या करून बघा. जास्त घट्ट कुठली?"

उत्कर्षा दोन मोठ्या कॅनमधून माल दोन सारख्या बाटल्यांत काढून ठेवायची. तिनं त्या तिरक्या केल्या. "पहिली पाण्यासारखी पळतेय. दुसरी मधासारखी आहे."

"रेझिन मधासारखं असतं, ताई. पातळ असतं ते हार्डनर, रेझिन कडक करणारं. तुम्ही उलटं घातलंय. रेझिनच्या दुप्पट हार्डनर गेलंय."

"पण लेबल बघूनच घेतलं मी!" उत्कर्षानं बाटल्या उजेडात धरल्या. तिनं चिकटवलेली लेबलं तिथं नव्हतीच. कोऱ्या कागदावर, शाईनं, वळणदार अक्षरात एक आणि दोन लिहिलं होतं. घरात असा 'एक' एकच माणूस काढायचा.

"बाटल्या लई चिकट झाल्या हुत्या," निंगप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "मंगळवारी राकेलनं पुसल्या. लेबलं निघाली. मग मी नवी लावली." स्पीकर अजून चालूच होता. "व्यवस्थित लावली," त्यांनी जोडलं.

उदयसिंहांनी टॉवेलसकट वरचा थर खरवडून, स्पिरिटनं पुसून नव्यानं ओतायला सांगितलं. निंगप्पांनी कुणी न सांगता हातमोजे चढवले. पूर्ण दुपार ते जुन्या एटीएम कार्डानं खरवडत बसले. "कॅनवर मोठ्या अक्षरात लिवाया नको?" असं अधूनमधून म्हणत होते, पण आवाज उतरला होता. खालची फुलं शाबूत निघाली तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि स्पिरिट झोंबलं म्हणाले.

रविवारी थर टणक झाला होता. पूनमनं फ्रेम छातीशी धरली. "वयनी, लई भारी झालंय गं!" निंगप्पा दारात ताठ उभे होते.

जावई विरुपाक्ष मात्र फ्रेमवर वाकून बराच वेळ बघत होता. "यात निशिगंध आहे," तो संकोचून म्हणाला. "मला निशिगंधानं शिंका येतात. म्हणून आमच्या हारांत तो घालू दिला नव्हता."

"व्हय की," पूनम हळूच म्हणाली. "मग हा हार कुणाचा?"

सगळ्यांनी गोजरबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला. "त्या दिवशी हालमध्ये सकाळचंबी एक लगीन झालं हुतं. खोलीत खुंटीला हार हुते. हाताला आला तो मी पिशवीत घातला."

पूनमनं फ्रेम बाजूला सरकवली. आता निंगप्पा काय बोलतात म्हणून विरुपाक्षसुद्धा एक पाऊल मागं झाला.

निंगप्पांनी बायकोकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला होता. त्यांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"असू दे गं," ते मऊ आवाजात म्हणाले. "गडबडीत हुतंय असं. तू च्या घे आदी."

गोजरबाईंनी कप तसाच ठेवला आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"पूनम," त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "अप्पाला ताप हाय का बघ गं."