त्र्यंबकरावांभोवती तीन फेऱ्या

"संशय ही माणसाच्या मनाला लागलेली वाळवी आहे. ज्याने संशय सोडला त्याने जग जिंकलं," असं त्र्यंबकराव कर्णिक पेणच्या आपल्या घराच्या ओटीवर बसून म्हणाले, आणि पुंडलिकच्या टोपलीतली एक कोलंबी उचलून त्यांनी ती नाकाशी नेली.

"मास्तर, ताजी हाय," पुंडलिक म्हणाला.

"मी कुठं नाही म्हटलं?" असं म्हणून त्र्यंबकरावांनी दुसरी उचलली.

त्र्यंबकराव चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या तालुक्याला त्यांनी पेन्सिलीने फळांची टोपली काढायला शिकवली होती. त्यांचा मुलगा अद्वय मात्र शाई नसलेल्या पेनाने काचेवर रेघा ओढायचा. तो वस्तूंचे आकार ठरवणारा डिझायनर होता. मिक्सरचं भांडं कुठं धरायचं, स्कूटरचा आरसा कुठं वळायचा, हे सगळं तो माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटरवर घडवत असे. चुकलं की एक बटण दाबलं, चूक गायब. त्र्यंबकरावांना त्या बटणाबद्दल पहिल्यापासून संशय होता. चूक गेली तर ती कुठं जाते?

अद्वयची कंपनी बंगळूरची. आतापर्यंत तिने त्याला घरून काम करू दिलं होतं. आता निरोप आला होता की रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्याचं काम मिळवून दाखवलंस तर पेणलाच राहा, नाही तर बिऱ्हाड उचल आणि बंगळूरला ये. "शुक्रवारी दाखवायला न्यायचंय," एवढंच अद्वय घरात बोलला होता. काय न्यायचं ते बोलला नव्हता.

मुलगा घरीच राहावा असं त्र्यंबकरावांना फार वाटत होतं. पण ते त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो खरोखरच राहिला असता, आणि मग तो आपल्यासाठी राहिला की कोलंबीसाठी, हा संशय त्यांना जन्मभर छळत राहिला असता.

मंगळवारी दुपारी जेवून त्र्यंबकराव आरामखुर्चीत पसरले. त्यांचं पोट जागेपणी कोणाला दिसत नसे. वर्गात फळ्यासमोर ताठ उभं राहायचं म्हणून श्वास आत ओढून ठेवायची सवय नोकरीपासूनची. डोळा लागला की मात्र ते पोट सुटीवर गेल्यासारखं पसरत असे. तसं ते पसरलेलं असताना कसल्याशा चाहुलीने त्यांचा एक डोळा किलकिला झाला.

अद्वय अनवाणी पायांनी त्यांच्याभोवती फिरत होता. हातात फोन. पहिल्या फेरीत फोन गुडघ्याशी होता, दुसरीत छातीशी आणि तिसरीत खांद्यावर. फिरत होता तो उलट्या दिशेने. तिसरी फेरी पुरी झाल्यावर त्याने "झालं एकदाचं" असा सुस्कारा टाकला आणि मागे वळूनसुद्धा न बघता तो जिना चढून गेला.

खांद्याशी काहीतरी धरून उलट्या दिशेने तीन फेऱ्या कोणाभोवती घालतात, आणि नंतर मागे वळून का बघत नाहीत, हे सांगायला काही शास्त्रीबुवा लागत नाहीत.

त्र्यंबकराव काही वेळ तसेच पडून राहिले. मग आपण तसेच पडून आहोत हे लक्षात येऊन ताडकन उठले आणि पाय न वाजवता माडीवर गेले. दार अर्धवट उघडं होतं. पडद्यावर एक राखाडी देह आडवा पडून सावकाश गरगर फिरत होता. त्याला डोकं नव्हतं. अद्वय ते बिनशाईचं पेन घेऊन त्याचे हात छाटत होता आणि फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाही, बाबांना अजिबात कळता कामा नये. उद्या ते झोपले की परत एकदा घेतो. शुक्रवारी रोह्याला."

त्र्यंबकराव जिना उतरले तेव्हा त्यांना स्वतःचे हात जागेवर आहेत का, हे पाहायचा मोह आवरला नाही.

"अहो, मग सरळ त्यालाच विचारा की," त्यांच्या पत्नी लतिकाबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या.

"विचारलं तर तो काहीतरी खोटं सांगेल, आणि मग मला त्याच्यावर संशय येईल. ते मला नकोय."

लतिकाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कटात दोघं आहेत, हे सिद्ध झालं.

बुधवारी सकाळी पुंडलिक आला तसं त्र्यंबकरावांनी त्याला विहिरीमागे नेलं. पुंडलिक खाडीकाठचा, मिठागरात वाढलेला, आणि अशा बाबतीत जाणकार.

"उलटा फिरला?"

"उलटा."

"तीनदा?"

"तीनदा."

"मागं बघलान?"

"नाही."

पुंडलिकने डोक्यावरची टोपी काढली. "जल्ला, मास्तर, मंग तं काय ऱ्हायलाच नाय."

"अरे, मी राहिलोय ना!"

"त्याचीच तं पंचाईत हाय."

बराच विचार करून पुंडलिकने उपाय काढला. उलट्या फेऱ्या सुलट्या फेऱ्यांनी फिटतात. त्याने घरातून मूठभर खडं मीठ मागून घेतलं, त्र्यंबकरावांना धुण्याच्या दगडावर बसवलं आणि तो त्यांच्याभोवती सुलटा फिरू लागला. तिसऱ्या फेरीला लतिकाबाई मागल्या दारात आल्या.

"हे काय चाललंय?"

"काही नाही," त्र्यंबकराव डोळे मिटून म्हणाले, "बरोबरी करतोय."

त्या दिवशी आणि गुरुवारी ते दुपारचे झोपले नाहीत. आरामखुर्चीत काठी गिळल्यासारखे ताठ बसून राहिले. अद्वय फोन घेऊन दोनदा डोकावला आणि हिरमुसून परत गेला. त्या हिरमुसण्याने तर त्र्यंबकरावांची खात्रीच पटली.

शुक्रवारी सकाळी दारात टेम्पो लागला. चार माणसांनी एक लाकडी पेटी आणून त्यात चढवली. त्र्यंबकरावांनी खिडकीतून तिचं नजरेने माप घेतलं. चित्रकलेच्या शिक्षकाची नजर ती. पेटीत माणूस मावत होता, पण बसून.

"बसून कशाला?" त्यांनी पुंडलिकला विचारलं.

"संन्याशाला बसवतात, मास्तर."

"मी कधी रे संन्यास घेतला?"

पुंडलिकने आपल्या टोपलीकडे बघितलं. "ता बी खरा."

टेम्पोपाठोपाठ निघायचं ठरलं. पुंडलिकचा मुलगा प्रवीण धाटावच्या त्याच कारखान्याची शिफ्टची बस चालवायचा. दोघं नाक्यावर बसमध्ये चढले.

"बाबा, बाहेरची पॅसेंजर घ्यायची परवानगी नाय," प्रवीण म्हणाला.

"हे पॅसेंजर नाय, मास्तर हायत. तुझे हत्तीला पाचवा पाय होता, तो यांनीच पुसलान."

प्रवीणने मुकाट्याने गियर टाकला. बसच्या सीटा अशा होत्या की माणूस वडखळपर्यंत बसे, नागोठण्यापर्यंत घसरे आणि रोह्यापर्यंत देवाचं नाव घेई. शेजारचा कामगार म्हणाला, "काका, सवय नसेल तर उभेच ऱ्हावा. आमी पण आळीपाळीने उभे ऱ्हातो." त्र्यंबकरावांची पाठ धरली, गुडघे पुढच्या लोखंडावर आपटले आणि श्वास आत ओढून ठेवायची त्यांची ताकद कुठंतरी हायवेवरच सांडली.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं. "कोणाकडे काम आहे?"

"माझा देह आत नेलाय," त्र्यंबकराव म्हणाले.

रखवालदाराने प्रवीणकडे पाहिलं. "डिझायनरसायबाचे वडील हायत," प्रवीण म्हणाला. मग रखवालदाराने दोघांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली आणि खिसे चाचपले. "आगपेटी आत न्यायची नाही. केमिकलचा कारखाना आहे."

हे ऐकून त्र्यंबकरावांना चार दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. निदान अग्नी तरी देणार नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत अधिकारी ओळीने बसले होते. भिंतीवर तोच राखाडी देह, आता एका सीटमध्ये बसलेला. त्याच्यापुढे अद्वय घाम पुसत उभा. कारखान्याच्या आसावरी मॅडम बोलत होत्या, आणि त्या संशयाच्या बाबतीत त्र्यंबकरावांच्या नात्यातल्या शोभल्या असत्या.

"आधीच्या डिझायनरने असंच चित्र दाखवलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमधला माणूस परदेशी, उंच, सडपातळ. बसच्या सीटा त्याच्या मापाने झाल्या आणि आमच्या माणसांच्या पाठी गेल्या. तुम्ही तर दुसरं टोक गाठलंत! हे पोट तुम्ही मनाने काढलंय. सीट बरी दिसावी म्हणून."

"नाही मॅडम, माप खरं आहे. माणूस खरा आहे."

"असं पोट पेनाने काढता येतं. असतं कुठं? दाखवा बरं. नाही तर हे काम आम्ही दुसऱ्याला देतो."

अद्वयने मान खाली घातली. माणूस पेणला होता, आणि त्याला काही माहीत नव्हतं. बंगळूरचं तिकीट अद्वयच्या डोळ्यांपुढे दिसू लागलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि आधी ते पोट आत आलं. पाठोपाठ धापा टाकत त्र्यंबकराव.

"थांबा! तो देह माझा आहे!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग त्र्यंबकरावांकडे. मग पुन्हा भिंतीकडे. आसावरी मॅडम उठल्या, त्यांनी बाजूला जाऊन पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तंतोतंत आहे हो!"

"बाबा, तुम्ही इथं?"

"फेऱ्या का घातल्यास?" त्र्यंबकरावांनी सर्वांदेखत विचारलं.

"फोनने तुमचं माप घेत होतो. खालून, मधून, वरून, अशा तीन लागतात. सांगितलं असतं तर तुम्ही पोट आत ओढलं असतं आणि माप खोटं आलं असतं."

"उलट्या का?"

"फोन डाव्या हातात होता. सुलटं फिरलो असतो तर तो तुमच्या पलीकडच्या बाजूला गेला असता."

"आणि डोकं? हात?"

"बाबा, सीटला ते लागत नाहीत. कपड्यांच्या चुण्यासुद्धा आड येत होत्या, म्हणून त्याही काढून सगळं गुळगुळीत केलं."

"मास्तर," मागून पुंडलिक कुजबुजला, "उगाच मीठ फुकट घालवला."

पेटी उघडली होती. तिच्यातून निघालेली नवी सीट मध्यभागी मांडलेली होती. मॅडमनी त्र्यंबकरावांना बसायला सांगितलं. ते आधी सीटच्या खाली वाकून बघून आले, मग टेकले. पाठ लागली, गुडघे सुटले, पोटाला हक्काची जागा मिळाली.

"कसं वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

उत्तराऐवजी घोरणं ऐकू आलं.

त्यांना उठवलं तोवर काम अद्वयला द्यायचं ठरलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. "काका," मॅडम म्हणाल्या, "हे चित्र आम्ही मोठं करून कँटीनच्या भिंतीवर लावणार. कामगारांना कळू दे की सीट त्यांच्यासारख्याच माणसाच्या मापाची आहे. पण माप तुमचं. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा, हे सगळं इथंच थांबवू."

अद्वय वडिलांकडे बघत राहिला. पुंडलिकने हेल्मेट काढून हातात धरलं.

त्र्यंबकराव उठले, भिंतीपाशी गेले आणि त्या गुळगुळीत, राखाडी देहाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकदा मॅडमकडे पाहिलं. मग घसा खाकरून आवाज अगदी खाली आणून ते मुलाला म्हणाले,

"माझी काही हरकत नाही रे. फक्त याला एक लेंगा घालता येईल का?"