बजाजनगरची कासवी

ज्या माणसानं जायकवाडीच्या धरणापेक्षा मोठं पाणी आयुष्यात पाहिलं नाही, तो समुद्रातली कासवं वाचवायला निघाला. हे आमचे कदमसर. बजाजनगरच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात, मी चित्रकला. गेले चार महिने दोघांचेही तास कासवंच खातात.

'किनारा मोकळा ठेवा' हे सरांचं पालुपद. जिन्यात मुलांची गर्दी झाली तरी हेच. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "म्हणून काय गाफील राहायचं?" ते म्हणाले.

मुलांनी भंगारातल्या डिश अँटेनाचं कासव केलं, मी ते हिरवं रंगवलं. वाळूजच्या कामगारांची बस थांबते तिथं कडुलिंबाखाली ते मांडून मुलं पत्रकं वाटू लागली. पण देवळात शिरताना आधी कासवाला हात लावायची आपली सवय. पहिल्या पाळीचे लोक त्याच्या पाया पडूनच बसमध्ये चढायला लागले. आठवड्यात हळदकुंकू झालं, नारळ फुटले. सर आधी तापले, मग त्यांनी नियम काढला: आधी शपथ, मग नारळ. दिव्यांनी कासवाची पिल्लं वाट चुकतात, असं सातवीतल्या मुली सांगायच्या आणि धिप्पाड कामगार हेल्मेट काखेत धरून म्हणायचे, "मी किनाऱ्यावर दिवे लावणार नाही." बसचे ड्रायव्हर शेखभाई काळजीत पडले. "सर, हेडलाइट का क्या करू?" सरांनी त्यांना वाळूजपुरती सूट दिली.

परवा पत्रकं आणायला सरांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी गेलो. बायको गेल्यापासून सर एकटेच राहतात. पुढची खोली पार रिकामी. नुसती एक बाज, खाली शेगडी, उशाशी धुतलेल्या मऊ धडप्यांची चळत. बाळंतिणीची खोली.

वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तीन वर्षांपूर्वी सरांनी लेकीला, सुमनला, दार बंद केलं होतं. तिला दिवस गेल्याचं चार महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं होतं.

"कासवी कितीबी लांब गेली तरी अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्यावरच येती," सर म्हणाले. "आपण किनारा मोकळा ठेवायचा."

"फोन केला तिला?"

"कासवीला कुणी फोन करतं व्हय?"

मला रागही आला आणि भरूनही आलं. अख्ख्या वाळूजला शपथा घालणारा हा माणूस एका फोनला भीत होता. मी म्हणालो, "सर, दार तुम्ही लावलं होतं. उघडलंय हे तिला कसं कळावं?"

ते बाजेवर टेकले. नंबर तोंडपाठ होता. पलीकडून दोनदा हॅलो आलं.

"सुमे, खोली मोकळी केलीय," सर म्हणाले. "बाज टाकलीय."

मग तिनं विचारलं, "आईचीच का?"

"व्हय," सर म्हणाले, आणि बाजेवरून हात फिरवत राहिले.