तांबड्या गेंड्याच्या मोकळ्या तारखा

श्रीगजाननास आधी नमन, मग ढोलास, मग कर्ण्यास, आणि ज्या कानांनी हे सर्व सोसले त्या कानांस शेवटचे नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मास. ते समयी एका राज्यात, राज्याचे नाव पुसू नये, पुसल्यास आम्ही सांगणार नाही, धोंडोपंत खांबेटे या नावाचे गृहस्थ होते, वय वर्षे एक्केचाळीस, दिवसा विम्याचे कचेरीत कारकुनी आणि उरल्या वेळी तांबड्या गेंड्याची चाकरी. तांबडा गेंडा म्हणजे जनावर नव्हे. विलायतेत चार असामींची रॉक वाजविणारी टोळी होती, तिचे ते नाव, आणि चौघे मिळून ऐसा कल्लोळ करीत की शेजारचे गावची कुत्री घर सोडीत. पंतांनी सोळावे वर्षी वसतिगृहात उसन्या कॅसेटीवर त्यांचे अकरा मिनिटांचे एक गाणे ऐकिले, आणि ते जे खुळावले ते आजतागायत शुद्धीवर आले नाहीत. ते गाणे टोळीने सतरा वर्षे मंचावर वाजविले नव्हते. एकवार समोर उभे राहून ऐकावे, मग डोळे मिटले तरी चालेल, ऐसा पंतांचा पण होता.

आता या गेंड्याचे रयतेची रीत सांगतो. दर आदितवारी उड्डाणपुलाखालचे चहाचे टपरीवर खलबत भरे. सर्वांचे अंगी गेंड्याचे चित्राचे काळे सदरे, आणि वय वाढेल तैसा पोटावरचा गेंडाही फुगत जाई. विषय एकच. परमुलखी, रेल्वेने अठरा तासांचे वाटेवर, माळगर्जना नामे रॉकचा मोठा उत्सव होतो, तेथे यंदा अखेरचे मानाचे गायन कोणाचे आणि कोणते तिथीस. उत्सवाचे कारभारी आयत्या वेळेपर्यंत मूग गिळून बसत, म्हणून अनुमानावर राज्य चाले, आणि अनुमानकर्त्यांत दोन पंथ पडले होते. एक फलकपंथ, त्याचे म्होरके संभूजी घोलप, गळा मोठा आणि अक्कल बेताची. हे उत्सवाचे मागील सालचे फलकांवरील अक्षरे फूटपट्टीने मोजून यंदाचे नाव काढीत. दुसरा मोकळपंथ, तो खुद्द पंतांनी स्थापिला. त्यांचे शास्त्र ऐसे की टोळीचे दौऱ्याची यादी घ्यावी, कोणते गावी कोणती तारीख ते सोडून द्यावे, आणि ज्या तारखांपुढे काहीच लिहिले नाही तेवढ्याच वाचाव्या. "लिहिलेलं कोणीही वाचील," ऐसे पंत म्हणत. ज्याचे अनुमान खरे ठरेल त्यास मंचासमोर कठड्यापाशी मधली जागा द्यावी आणि बाकीच्यांनी कोपरे मारून ती राखावी, हा करार. पंतांस अकरा वर्षांत ती जागा एकदाही मिळाली नव्हती, कारण गेंडा या खंडात एकदाही आला नव्हता. परंतु अनुमान चुकले म्हणून शास्त्र खोटे ऐसे कोणी म्हणेना. गेंडा चुकला ऐसे म्हणत.

इकडे पंतांचे लग्न ठरून दीड वर्ष लोटले होते. वधू कुमुदबाई ओगले, वय अडतीस, दुखरे गुडघे व आखडलेले खांदे वळवून सरळ करण्याचा दवाखाना चालवीत, बोलणे थोडे आणि हातात जोर फार. पहिला मुहूर्त वैशाखातला. पंतांनी मोकळ्या तारखा वाचून सांगितले की वैशाखात गेंडा माळावर येतो, मुहूर्त पुढे न्यावा. नेला. गेंडा आला नाही. दुसरा मुहूर्त माघातला, तोही त्याच कारणे पुढे गेला, आणि त्या वेळी माळावर अखेरचे मानाने बोलक्या बाहुल्यांचा खेळ जाहला, तो पाहून रयत उपाशी झोपली. तेव्हा कुमुदबाई पंतांस म्हणाल्या, "हे बघा पंत, दोनदा पत्रिका छापल्या, दोनदा रद्दीत घातल्या. माझ्या बाबांना आता लोक भेटले की तब्येत विचारतात, लग्नाचं विचारत नाहीत. तिसरी तारीख तुम्हीच काढा, पण ती हलली तर मी नाही. भांडणार नाही, रडणार नाही, फक्त नसेन." बाई बोलल्याप्रमाणे करतात हे दवाखान्यातील पेशंट सांगत.

मग भाद्रपदात गेंड्याचे नवे दौऱ्याची यादी आली आणि पंत दोन दिवस कचेरीत रजा टाकून ती वाचीत बसले. कार्तिक शुद्धात टोळी पूर्वेचे बंदरी. मग कार्तिक वद्य पंचमीपासून एकादशीपर्यंत सात तारखा मोकळ्या. मग अमावास्येस पश्चिमेचे एका राज्यात एक मुक्काम आणि यादी समाप्त. पंतांचे अंगावर काटा आला. सात दिवस! पूर्वेहून निघून माळावर यावे, गर्जना करावी आणि पुढे कूच करावे, यास बरोबर सात दिवस लागतात. तशात टोळीतील बेस गिटारवाल्याने दाढी राखिली होती, आणि उष्ण मुलखात जावयाचे असता तो दाढी काढतो, परंतु फसविण्याचे असता राखतो, ऐसे खलबतात ठरले. पंत यादी घेऊन दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "कुमुद, कार्तिक वद्यात उत्सव. यादी अमावास्येला संपते म्हणजे टोळी घरी गेली. आपण मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी धरू, बिनघोर." बाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "या सात दिवसांत काही लिहिलेलं नाही, म्हणजे माणसं घरी असतील हो. दमली असतील. साठीला टेकलेत ते." पोर देवास पाय दुखतात का म्हणून विचारते तेव्हा कीर्तनकार जैसा हसतो तैसे पंत हसले. मग सप्तमीचा मुहूर्त धरिला, गोरज, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे, कार्यालय ठरले, आचारी ठरला, आणि कुमुदबाईंनी पंतांचे घरी जाऊन भिंतीवरील दिनदर्शिकेत सप्तमीचे चौकोनात निळ्या शाईने स्वहस्ते "गोरज ६.२०" ऐसे लिहिले.

दसऱ्याचे दुसरे दिवशी माळगर्जनेचे फलक प्रगट जाहले. शिरोभागी तांबडा गेंडा, हातभर अक्षरे. रयत रस्त्यात नाचली, संभूजींनी टपरीवर सर्वांस बनपाव वाटिले, एकमेकांचे गळा पडून थोर थोर पुरुष रडले. मग कोणी तिथी वाचली. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सायंकाळी सहा. आणि खाली बारीक अक्षरी, टोळी ते दिवशी फार जुनी गाणी काढील. पंत बाकावर बसले ते उठेनात. चहावर साय धरली. यादी संपली म्हणून दौरा संपला, ऐसे मोकळ्या तारखांचे शास्त्रात कोठेही म्हटले नव्हते, पंतांनी आपल्या सोयीने मानिले होते. हाच तो घात.

त्याउपरी खलबत पंतांचे भोवती जमले आणि जो तो सल्ला देऊ लागला. लग्न काय, वर्षभर लागतात. गेंडा पुन्हा येतो का? त्यात संभूजी पुढे सरून म्हणाले, "अरे धोंड्या, बावळटासारखा बसतोस काय! पूर्वी नवरदेव मोहिमेवर असला की पाटावर त्याची तलवार ठेवून लग्न लावीत. खांडा म्हणत त्याला. तू मोहिमेवरच चाललास. तुझी गिटार ठेवू पाटावर, तिला मुंडावळ्या बांधू, भटजींना दोन शब्द मी सांगतो." वाचणारास हे खुळचट वाटेल. तेथे कोणास वाटले नाही. पंतांसही वाटले नाही, कारण बुडत्यास काडीचा आधार, आणि ही तर आख्खी गिटार. दुसरे दिवशी सकाळी पंत खरोखरी गिटार खांद्यास मारून दवाखान्यात गेले.

कुमुदबाई एका पेन्शनर आजोबांचा पाय उचलून वळवीत होत्या. पंतांनी खाली मान घालून सर्व सांगितले, सप्तमी, जुनी गाणी, अकरा मिनिटे, खांडा, मुंडावळ्या. बाईंनी पाय सोडिला नाही. आजोबा पडल्या पडल्या म्हणाले, "वाद्याशी लग्न लावता? मग सनई काय वाईट, ती वाजते तरी मुहूर्तावर." बाई म्हणाल्या, "आजोबा, श्वास सोडा." मग पंतांकडे पाहून हळू म्हणाल्या, "अकरा वर्षं तुम्ही त्यांच्यासाठी तारखा मोकळ्या ठेवल्यात. त्यांनी तुमच्यासाठी एक तरी ठेवली का? मी ठेवलीय. जायचं तर जा पंत, मी अडवणार नाही. पण ती गिटार इथे ठेवू नका, जागा नाही." आणि दुसरा पाय घेतला. आजोबा ओरडले ते दुखण्याने की आनंदाने, कळले नाही.

पंत गिटार घेऊन घरी आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. दिनदर्शिकेत कार्तिक मोकळा, मार्गशीर्ष मोकळा. कपाटातून मागील वर्षांच्या काढिल्या, त्याही मोकळ्या. भाच्याची मुंज चुकविली होती, जिवलग मित्राचे घरचे बारसे चुकविले होते, सर्व गेंडा येईल म्हणून. सारे चौकोन रिकामे आणि एकात काय ती निळी शाई. आपण शास्त्र इतके केले आणि हे एक लिहिलेले वाचावयाचे राहिले, ऐसे मनात येऊन पंतांस रडू आले, हे लपवू नये. मग तोंड धुऊन त्यांनी आपले आगाऊ काढिलेले उत्सवाचे तिकीट संभूजींचे हाती दिले आणि म्हणाले, "गेंडा येणार हे माझं खरं ठरलं, पण मधली जागा तू घे. मी सप्तमीला लग्नात आहे." संभूजींनी कपाळावर हात मारिला आणि फितुरी, फितुरी ऐसे पुलाखाली दोनदा ओरडले.

सप्तमीस अंतरपाट धरिला, मंगलाष्टके जाहली, सहा वाजून वीस मिनिटांनी अक्षता पडल्या, आणि पंत बोहल्यावर जातीने हजर होते. पंतांचा फोन मामांचे खिशात होता. तो थरथरू लागला तेव्हा मामांस वाटले आपलीच छाती धडधडते, म्हणून ते घाबरून बसले आणि पाणी मागू लागले. पंगत बसल्यावर पंतांनी फोन घेतला. संभूजींचा निरोप, "वाजवलं रे धोंड्या. अकराच्या अकरा मिनिटं. मी तुझ्या जागेवर उभा राहून रडलो." पंतांचे डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मुलीकडच्या बायका म्हणाल्या, नवरा किती हळवा हो. कुमुदबाईंनी विचारिले, "पश्चात्ताप होतोय?" पंत म्हणाले, "खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटतंय. पण इथून उठावंसं वाटत नाही." तेव्हा बाई म्हणाल्या, "दाखवा मला." मग मठ्ठ्याची वाटी मध्ये ठेवून, एकेक कानात फोनचे तारेचे एकेक बोंड घालून, दोघांनी संभूजींनी धाडिलेले चित्रण अकरा मिनिटे पाहिले. वाढपी जिलबी घेऊन तीनदा आला आणि तीनदा परत गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "छान आहे. पण ढोलवाल्याचा उजवा गुडघा गेलाय, पाय कसा टाकतो बघा. म्हणून तो आठवडा मोकळा होता." चार दिवसांनी टोळीनेच कळविले की कार्तिक वद्यात ढोलवाल्याचे गुडघ्यास विश्रांती दिली, सर्वजण घरी होते.

लग्नानंतर पंतांनी आठ दिवस रजा घेतली आणि फोन बंद करून ठेविला. खलबतात हे कळताच संभूजी एकदम ताठ बसले. पंतांचे आठ दिवस मोकळे! फोन बंद! आणि गेंड्याचा नव्याने ठरलेला मुक्काम दक्षिणेचे बंदरी, तोही याच आठवड्यात! लग्नाचा देखावा करून हा लबाड बायकोसह तिकडे गेला, यात संशय नाही, आणि एवढा जाणता गेला म्हणजे ते गाणे तेथे पुन्हा वाजणार. तत्क्षणी फलकपंथ सोडून संभूजी मोकळपंथात आले आणि तिघे असामी घेऊन बंदरास कूच केले. सहावे दिवशी दुपारी पंतांनी खिचडी आणि पापड जेवून, पाय पसरून, फोन सहज लाविला तो तत्काळ वाजला. पलीकडे मोठा कल्लोळ. संभूजी ओरडत होते, "धोंड्या, कुठे आहेस? कठड्यापाशी मधली जागा धरलीय तुमची, दोघांची! कोपरं मारून मारून हात मोडले!" पंत म्हणाले, "अरे, घरी आहे." मग संभूजी हसून हळूच म्हणाले, "कळलं, कळलं. उघड बोलता येत नसेल." आणि फोन ठेविला.

येणेप्रमाणे हकिकत जैसी घडली तैसी लिहिली. गेंडा विलायतेस गेला. गाणे बंदरी वाजले नाही. ढोलवाल्यास कोणी बरे वैद्य पाहावे. जागा संभूजींनी दिवस मावळेपर्यंत राखिली, आणि ज्यांची राखिली ते घरी झोपले होते. बहुत काय लिहिणे.