सी ड्राइव्हचं निंदणीकरण

मुलीच्या लग्नाला अठरा दिवस उरले असताना घरच्या कर्त्या पुरुषानं काय करावं? मांडववाल्याला फोन करावा, आचाऱ्याला गाठावं, निदान बायकोला विचारावं की मी कशाला हात लावू. देवीदासराव भुयारांनी ठरवलं की घरातला कॉम्प्युटर साफ करायचा. (यात त्यांचा फारसा दोष नव्हता. दुसरं कोणतंही काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगण्यामागे तीस वर्षांचा अनुभव होता.)

तो कॉम्प्युटर राजापेठेतल्या त्यांच्या घरी बैठकीच्या कोपऱ्यात, मायाबाईंनी विणलेलं झाकण पांघरून, बारा वर्षांपासून बसलेला होता. बटण दाबायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचा, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उमटायचं. अलीकडे तर सी ड्राइव्हपुढची पट्टी लाल झाली होती आणि जागा संपत आल्याची सूचना दर पाच मिनिटांनी डोकावत होती.

त्यांची मुलगी वर्षाली अकोल्याला नोकरीला. तीच नवरी. तिनं सकाळीच फोनवर सगळं नीट समजावलं. आधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. मग डिस्क क्लीनअप चालवायचं, फक्त टेंपररी फायलींपुढे खूण करायची. डॉक्युमेंट्समध्ये शिरायचं नाही. आणि दुसरं काही काढलंच, तर ते आठ दिवस रीसायकल बिनमध्ये पडू द्यायचं, लगेच रिकामं करायचं नाही.

"तू मले नको शिकवू," देवीदासराव म्हणाले. "एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली म्या."

हे मात्र खरं होतं. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. जुने कागद निवडून नष्ट करायचे, याला तिथे निंदणीकरण म्हणतात. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' एक वर्ष झालं की भट्टीत. या चार अक्षरांवर देवीदासरावांनी नोकरी काढली आणि जगही त्याच चार कप्प्यांत बसवलं. आपल्या हातून एक कागद कधी हरवला नाही, असं ते अभिमानानं सांगत. (त्यांच्याकडे कागद शोधायला येणाऱ्यांना तो कधी सापडलाही नाही, पण तो वेगळा विषय.)

डिस्क क्लीनअप पाऊण तास चाललं. सहा जीबी कचरा निघाला, लाल पट्टी निळी झाली आणि कॉम्प्युटर चहा होण्याआधी सुरू व्हायला लागला. इथपर्यंत माणूस शंभर टक्के बरोबर वागला होता, फक्त पेन ड्राइव्ह तेवढा घेतला नव्हता, कारण तो शोधायला खुर्चीवरून उठावं लागलं असतं. इथेच थांबले असते तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण यश मिळालं की थांबायचं असतं हे ज्यांना कळतं, ते एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये राहत नाहीत.

ते डॉक्युमेंट्समध्ये शिरले. वर्षालीच्या गुणपत्रिका, 'अ'. स्वतःच्या निरोप समारंभाचे दोनशे सोळा फोटो, तेही 'अ'. मायाबाईंच्या लोणच्याच्या कृती, 'क'. मग एक फाइल आली. नाव नुसतं 'यादी'. ना विषय, ना तारीख, ना जावक क्रमांक. असा कागद कचेरीत सरळ 'ड' मध्ये जायचा. उघडून बघण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कागद वाचायची सवय त्यांना नोकरीतही नव्हती. त्यांनी शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं. कायमची काढू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. हे विचारणंच त्यांना अपमानाचं वाटलं आणि त्यांनी 'हो' जरा जोरातच दाबलं.

साडेअकराला मायाबाईंचा फोन आला. त्या सकाळच्या गाडीनं परतवाड्याला बहिणीकडे गेल्या होत्या.

"अवो, कॉम्प्युटरात यादी नावाची फाइल हाय. तिची एक प्रिंट काढून ठेवा. संध्याकाळी आली का लागते मले."

देवीदासराव "हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले.

यादी म्हणजे कसली यादी, हे त्यांना लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. लग्नाच्या पत्रिकेत छापायच्या नावांची. आमच्याकडे पत्रिका ही काही लग्नाची वेळ कळवायला छापत नाहीत. काका, मामा, आत्या, जावई, साठ-सत्तर नावं, प्रत्येक आपल्या मानाच्या ओळीत. रिद्धपूरच्या देवरावांचं नाव एकदा धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं, तर त्यांनी नऊ वर्षं भुयारांच्या घरचं पाणी घेतलं नाही. मायाबाईंनी सहा महिने डोकं खपवून केलेली ती यादी देवीदासरावांनी एका फटक्यात मिटवली होती.

वर्षालीला विचारावं तर गुन्हा कबूल करावा लागणार. तेव्हा त्यांनी कचेरीचा मार्ग धरला. फाइल गहाळ झाली की संबंधितांकडून माहिती मागवून नवी तयार करायची. जवळच्या माणसांची नावं पाठ होती. अडचण होती ती ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांची. त्यांचं नाव यादीत होतं की नव्हतं? राहून गेलं तर पुन्हा बोलणी खा, त्यापेक्षा घातलेलं बरं. म्हणून त्यांनी नेमके त्याच लोकांना फोन लावायला सुरुवात केली.

पहिला फोन अकोल्याच्या नत्थुजींना, म्हणजे मायाबाईंच्या मामांना. पत्रिकेत तुमचं नाव कसं टाकू, एवढंच त्यांनी विचारलं.

"मले वाटलं, तुमी मले टाकून देल्लं," म्हातारा म्हणाला. आवाज भरला होता. "येतो. समदे येतो. दोन गाड्या करून येतो."

देवराव तर फोनवर सरळ रडले. आणखी एकानं जुन्या भांडणाची माफी मागितली, जे भांडण देवीदासरावांना आठवतही नव्हतं. साडेचार वाजेपर्यंत बावन्न घरं झाली. एका बोटानं टाइप करून त्यांनी नवी यादी उभी केली आणि प्रिंट काढली. छाती फुगली. दुरावलेलं अख्खं खानदान आपण पाच तासांत एकत्र आणलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सहा वाजता मायाबाई आल्या. हातात पिशवी आणि काखेत खोकं. येता येता त्यांनी प्रेसमधून छापून तयार झालेल्या पत्रिका उचलून आणल्या होत्या.

देवीदासरावांनी एक पत्रिका उलटून पाहिली. सत्तर नावं जिथल्या तिथे. नत्थुजी नाहीत, देवराव नाहीत. "मंग ते यादी कशाची होती?" त्यांनी विचारलं.

"नाई बोलवायच्या लोकायची. पत्रिका वाटताना चुकून त्यायच्या घरी जाऊ नये म्हणून पायजे होती."

देवीदासराव भडकले. सख्ख्या माणसांची अशी यादी करायला लाज कशी वाटली नाही, असं बरंच काही बोलले. मायाबाईंनी ऐकून घेतलं, पदरानं घाम पुसला.

"तुमीच सांगतली नावं. रोज जेवताना एकेकाचं नाव घेऊन म्हणत होते का, ह्याले बोलावशीन तं मी मांडवात पाय ठेवणार नाई. मी आपली टाइप करत गेली."

देवीदासरावांनी हातातली प्रिंट पुढे केली. तीत आवतण गेलेली बावन्नच्या बावन्न घरं होती. मायाबाईंनी ती वाचली आणि तिथूनच वर्षालीला फोन लावला.

वर्षालीनं आयुष्यात बापाजवळ एकच हट्ट केला होता. लग्न लहान हवं, चारशे माणसांत. सासरच्यांना तिनं महत्प्रयासानं पटवलं होतं, कार्यालयही तेवढंच घेतलं होतं. आता बावन्न घरं म्हणजे दोनशे माणसं वरून आली होती. देवीदासरावांना खरोखर लाज वाटली. फोन कानाला लावून ते गुन्हेगारासारखे उभे राहिले.

"बाबा, पेन ड्राइव्हवर घेतलं होतं का?"

"नाई."

वर्षाली म्हणाली की एकदा बोलावलेल्या नातेवाइकाला नको येऊ म्हणता येत नाही, आणि नत्थुआजोबा रडले असतील तर मुळीच नाही. "येऊ द्या त्यायले. पण जागा तेवढीच हाय. दुसरं काईतरी काढा लागन."

दुसरं म्हणजे काय, ते मायलेकींना बोलावं लागलं नाही. कचेरीतले पंचेचाळीस जण, सहकुटुंब. देवीदासरावांनी स्वतः टेबलाटेबलाशी जाऊन त्यांना तोंडी आवतण दिलं होतं. भुयार लग्न कसं करतो, हे या लोकांना दाखवायचं, हीच या लग्नातली त्यांची एकुलती एक हौस.

सकाळी दहाला, कचेरी उघडल्यावर, ते फोन घेऊन बसले. "काही अपरिहार्य कारणामुळे" असं एक वाक्य घोकून ठेवलं होतं, माफी तयार होती, कोणी फारच वाईट वाटून घेतलं तर घरी जेवायला बोलावायची तयारीही होती. नातेवाइकांच्या फोनला पाच तास लागले होते. हे पंचेचाळीस फोन पस्तीस मिनिटांत संपले. का येऊ नये, हे एकानंही विचारलं नाही. तिघांनी मात्र, कोण बोलता, असं विचारलं.

दुपारी फोन वाजला. कचेरीतला विपुल होता, त्यांच्या जागेवर बसलेला. देवीदासराव ताठ झाले. शेवटी कोणाला तरी लागलंच की.

"भुयारजी, म्हंजे पक्कं नाई ना यायचं?" विपुलनं विचारलं. "नाई, मंग मी त्या दिवशीची रजा कॅन्सल करून टाकतो. तेवढीच एक वाचते."