उष्टावणाचा डॉलर

खीर आटत आली, पाहुणे जमले, सिंगापूरच्या उकाड्यात बाळाला जरीची कुंची घालून झाली, आणि ऐन वेळी चांदीचा चमचा काही सापडेना.

"पुंगोलला घरीच राहिला असणार," अनुया रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता रे, दादा?"

दादा म्हणजे चारुदत्त. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत हिशेब तपासून केस पिकवलेला, आणि सणासुदीलाही आता काहीतरी वाईट होणार अशा खात्रीने वावरणारा माणूस. आज मात्र त्याचा मान मोठा होता. अनुया त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा परेश बोटीवर इंजिनियर, आई-वडील केव्हाच गेलेले. माहेर म्हणून तिला उरला होता तो हा पाया लेबारचा फ्लॅट. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेल्या अनीशला पहिला घास मामाने भरवायचा, तोही चांदीने, म्हणून तिने सगळा घाट इथेच घातला होता.

"चांदीचं मी बघते काहीतरी," चारुदत्तची बायको निशिगंधा म्हणाली. "तू खाली जाऊन केळी आण. आणि येताना जरा चेहराही बरा घेऊन ये."

केळ्यांच्या रांगेत उभ्या चारुदत्तच्या डोक्यात केळी नव्हतीच. डोक्यात होता त्याचा डॉलर. अमेरिकन, चांदीचा, पाठीवर गरुड असलेला, १८८० सालचा. असे ढीगभर डॉलर तिकडच्या सरकारने पाडले, ते फारसे कुणाला नकोच होते, म्हणून गोण्यांत भरून तिजोरीत टाकले आणि विसरून गेले. ऐंशी वर्षांनी गोण्या उघडल्या तर आत नाणी कोरी करकरीत! त्यातलंच एक चारुदत्तकडे आलं होतं; निदान विकणाऱ्याने तरी शपथेवर तसं सांगितलं होतं. अशा नाण्यांना सत्तरपैकी गुण देतात. गोणीत एकमेकांवर आपटून पडलेले टवके बघतात, झळाळी बघतात, आणि गुण लिहून नाणं प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. चारुदत्तला शाळेपासून कधी कुणी साठाच्या वर गुण दिले नव्हते. बँकेतही दरवर्षी शेरा एकच, 'समाधानकारक'. आपल्या घरातल्या एका तरी वस्तूला सत्तरपैकी पासष्ट मिळावेत, एवढंच त्याचं मागणं होतं. येत्या मंगळवारी गो नावाचा म्हातारा नाणेवाला तो डॉलर तपासणीसाठी अमेरिकेला पाठवणार होता. म्हणून तर आज तो कपाटातून निघून टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर विसावला होता.

केळी घेऊन तो वर आला तेव्हा सगळे त्याच्यावाचून खोळंबले होते. त्याला धरून पाटावर बसवलं, मांडीवर भाचा ठेवला, हातात खिरीची वाटी दिली. समोर पाचसहा फोन उभे राहिले.

"चमचा मिळाला?" त्याने विचारलं.

"बेटर दॅन चमचा, बाबा," त्याची मुलगी मैत्रेयी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "सॉलिड सिल्व्हर, ला!"

खिरीत काहीतरी गोल बुडालं होतं. चारुदत्तने ते चिमटीत उचललं, बाळाच्या ओठांपर्यंत नेलं, बाळाने लाळ गाळत तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच खिरीच्या शेवयांखालून गरुडाचा एक पंख बाहेर आला.

"हे... हे कुठून आणलं?"

"तुझ्याच टेबलावरून," निशिगंधा कौतुकाने म्हणाली. "काय कळकट झालं होतं रे! टूथपेस्टने घासघास घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं. बघ आता कसं लखलखतंय!"

हे नाणं धरायचं ते कडेने, हातमोजे घालून. त्याच्यासमोर बोलायचंसुद्धा नाही, थुंकी उडते. त्याला टूथपेस्ट!

"भरव ना, दादा," अनुया म्हणाली. "परेश व्हिडिओवर आहे. बोटीवरची रेंज जाईल परत."

एवढ्यात अनीशने दोन्ही हातांनी नाणं ओढलं आणि नुकत्याच फुटलेल्या दोन दातांनी गरुडाचा कडकडून चावा घेतला.

"ए! सोड! सोड म्हणतो ना!"

चारुदत्त असा ओरडला की शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. त्याने नाणं हिसकावलं, भाच्याला निशिगंधाच्या अंगावर लोटलं आणि थेट बाथरूम गाठलं. बाहेर बाळाने टाहो फोडला. आत नळाखाली खीर निघाली, पण बारीक ओरखड्यांचं जाळं काही निघेना. तो कमोडवर बसून त्या जाळ्याकडे बघत राहिला. एखाद्याचं नशीबच फुटकं असतं, दुसरं काय!

तो बाहेर आला तेव्हा अनुया बाळाला कडेवर घेऊन, त्याची पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. डोळे लाल.

"अनु, अगं ऐक तरी. ऐंशी वर्षं तिजोरीत होतं ते. कुणाचा हात लागला नव्हता त्याला."

"आणि मला हा बारा वर्षांनी झालाय," ती म्हणाली. "याला हात लावू नकोस."

ती लिफ्टने खाली गेली. पाहुण्यांनी अवघडून एकेक केळं खाल्लं आणि तेही गेले.

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. चारुदत्त कामावर जायचा, परत यायचा, भिंतीकडे बघत बसायचा.

"फोन कर तिला," निशिगंधा म्हणायची.

"मी का करू? नुकसान कुणाचं झालंय? तिच्या मुलाने चावलंय."

"सात महिन्यांच्या मुलावर रुसलायस तू! पन्नाशी आली, चारू!"

मंगळवारी तो गोच्या दुकानात गेला. निदान बासष्ट तरी मिळतील, अशी वेडी आशा होती. गोने भिंग लावलं, नाणं दिव्याखाली फिरवलं, मग नाकाशी नेलं.

"मिंट," तो म्हणाला. पुन्हा हुंगलं. "अँड सम्थिंग स्वीट."

चारुदत्तने सगळी हकीकत सांगितली. गो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. त्याने भिंग पुढे सरकवलं आणि काडीने दाखवलं. टूथपेस्टचे ओरखडे वरवरचे, ताजे. त्यांच्या खाली दुसरे होते, खोल, जुने, एकाच दिशेने गेलेले. कुणीतरी फार पूर्वी, चारुदत्तच्या जन्माच्याही आधी, या डॉलरला मन लावून घासलं होतं. कोरा तो कधी नव्हताच.

"बेबी नेव्हर स्पॉइल," गो म्हणाला. "ऑलरेडी स्पॉइल, ला."

"सत्तरपैकी किती देतील मग?"

"नो नंबर. ओन्ली राइट 'क्लीन्ड'."

चारुदत्त बाहेर येऊन बाकावर बसला. पासष्टही नाही, साठही नाही, साधं 'समाधानकारक'सुद्धा नाही. आणि ज्याच्यापायी सख्ख्या बहिणीला उंबऱ्यावरून रडत परत पाठवलं, ते नाणं मुळातच घासलेलं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने डॉलर उचलून किल्ल्यांबरोबर खिशात टाकला आणि पुंगोलची एमआरटी पकडली.

अनुयाने दार उघडलं. "नाणं बरं आहे ना?"

"आधीपासूनच खराब होतं गं."

"म्हणजे माझ्या मुलाने नाही केलं."

"नाही. चुकलो मी, अनु. फार चुकलो." त्याने खिशातून डॉलर काढला. "खीर कर तू. आत्ता भरवतो. हे नाणंही त्याचंच, खेळायला."

"नको. सगळं तोंडात घालतो तो, आणि त्याला कुणी कुणी घासलंय देव जाणे." त्याला आत घ्यायला ती दारातून बाजूला झाली. "आणि उष्टावण झालं त्याचं."

"झालं? कधी?"

"त्याच दिवशी. घरी येऊन काही करायचं बळ नव्हतं, म्हणून खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाड्यांपाशी, बसले होते रडत. शेजारच्या टेबलावर आमच्या इमारतीतल्या आंटी लिम होत्या. मी नाक पुसेपर्यंत त्यांनी याच्या तोंडात चमचा घातलासुद्धा. पॉरिजचा."

"कसलं पॉरिज?"

"माशाचं."

"मासे? उष्टावणाला?"

"परेश म्हणाला, बोटीवाल्याचा मुलगा आहे, चांगलंच झालं."

तेवढ्यात बेल वाजली. आंटी लिम स्वतःच वाटी घेऊन आल्या होत्या. आता रोजच येत असाव्यात, कारण अनीश त्यांना बघताच खुर्चीत उड्या मारू लागला. आंटींनी सोफ्यावरच्या उदास गृहस्थाकडे बोट केलं.

"धिस वन हू?"

"माय ब्रदर," अनुया म्हणाली. "ही कलेक्ट्स कॉइन्स."

"ओ," आंटी लिम हळहळल्या. मग त्यांनी गरम वाटी चारुदत्तच्या हातात दिली, "यू होल्ड," म्हणाल्या, आणि बाळाला भरवायला लागल्या. अनीश मचमच करत खात होता. मामाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. चारुदत्तच्या चष्म्यावर वाफ जमली होती, की आणखी काही, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"वाटी सरळ धर, दादा," अनुया म्हणाली. "सांडतंय."

त्याने वाटी सरळ धरली.