निळ्या दिव्याचा मृत्यू प्रलंबित

आमच्या कंपनीत एक दिवा मरत नव्हता, आणि त्यामुळे पुष्कळ कामं अडली होती.

कंपनी कुंभिवलीजवळ, हायवेला लागून. फोनचा पडदा ज्या ओएलईडी दिव्यांनी उजळतो, त्यांच्यासाठी आम्ही पदार्थ बनवतो. त्या दिव्यांत निळा पहिल्यापासून नाजूक प्रकृतीचा. निळा उजेड देणारा पदार्थ घालायचा डाळीतल्या मिठाएवढा. त्याला धरून ठेवणारी, त्याच्यापर्यंत वीज पोचवणारी बाकी सगळी डाळ म्हणजे होस्ट. होस्ट कच्चा निघाला की निळा लवकर उतरतो आणि पडदा पिवळा दिसू लागतो. आमच्याकडे तो नेहमी वेळेवर उतरत असे. मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे, म्हणून हे अभिमानाने सांगतो.

नियम साधा आहे. नवा होस्ट घालून दिवा बनवायचा, लावायचा, आणि उजेड निम्म्यावर आला की तो मेला असं धरून त्याच्या आयुष्याचं प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणपत्र निघालं की चाचणी पूर्ण, आणि चाचणी पूर्ण झाली की माणूस नोकरीत कायम. विपुल ठोंबरे यांचा दिवा आठवड्यात मेला. इतक्या झटपट काम हातावेगळं करणारा माणूस कंपनीने पाहिला नव्हता. त्यांना कायम केलं, वर व्यवस्थापकही केलं.

कंत्राटावर असलेल्या सफुरा मॅडमनी आपला दिवा त्यांच्याच बरोबरीने लावला होता. तो ढिम्म हलला नाही. मॅडम कर्जतहून येत. तिथे आईला घेऊन भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर राहत. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिने कित्येक महिन्यांत रस्ता पाहिला नव्हता. मॅडम कायम झाल्या असत्या तर मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत तळमजल्याचं घर मिळालं असतं. पण कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि दिवा जळतच होता.

"मॅडम, तुमच्या कामाची प्रगती शून्य आहे," मी त्यांना बोलावून सांगितलं.

"सर, उजेड जरासुद्धा कमी झालेला नाही. आपल्याला तेच तर हवं होतं ना?"

"आपल्याला अहवाल हवा होता."

मी त्यांच्या प्रकरणावर 'मृत्यू प्रलंबित' असा शेरा मारला आणि समिती नेमली. मेलेल्या दिव्यांचा अनुभव दांडगा म्हणून अध्यक्षपद विपुलरावांकडे गेलं. एका सदस्याने दिवा सरळ बंद करावा असं सुचवलं. मी हरकत घेतली. बंद करणं म्हणजे निलंबन, मृत्यू नव्हे. फोडला तर तो अपघात, आणि अपघाताची चौकशी वेगळा विभाग करतो.

मग वीज वाढवली. दिवा जास्तच उजळला, इतका की शेजारच्या खोलीतल्यांनी आपल्या ट्यूबलाइट बंद करून टाकल्या. मग तो तापत्या भट्टीत ठेवला. दुपारी प्रयोगशाळेतली मदतनीस जनी तक्रार घेऊन आली. तिने त्याच भट्टीत डबा गरम करायला ठेवला होता.

"माजी भाकरी करपली वं साहेब," ती म्हणाली. "त्या मेल्या दिव्याला काय पन झाला नाय!"

"मेला म्हणालीस?" विपुलरावांनी आशेने विचारलं. पण शिवी पुरावा म्हणून चालत नाही, हे मला त्यांना समजावावं लागलं. ते वैतागून मॅडमवर घसरले. "निदान होस्ट बनवताना थोडं तरी चुकायचं होतं!"

"प्रयत्न केला असता सर," मॅडम म्हणाल्या, "पण ते तुमच्याकडून शिकायचं राहून गेलं."

शेवटी तोडगा मीच काढला. उजेड निम्म्यावर आला पाहिजे, असं नियम म्हणतो. कशाच्या निम्म्यावर? सुरुवातीच्या. आणि सुरुवातीचा आकडा भरतो कोण? आम्हीच. समितीने दिव्याचा सुरुवातीचा उजेड पूर्वलक्षी प्रभावाने दुप्पट केला. दिवा बसल्या जागी निम्म्यावर आला, तोही लावल्या क्षणापासून. आयुष्य: शून्य. विपुलरावांचा विक्रम मोडला. त्यांनी मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या, कारण शून्याच्या तुलनेत त्यांचा आठवडा अमरत्वाच्या जवळ गेला होता. त्यांचा होस्ट 'दीर्घायुषी' म्हणून बाजारात पाठवायचं आणि मॅडमचा भंगारात काढायचं ठरलं. दिवा टेबलावर लखलखत होता, पण प्रशासकीयदृष्ट्या त्याचं सगळं आटोपलं होतं.

कागद मी मॅडमपुढे सरकवला.

"यावर सही केली की माझा होस्ट गेला, सर."

"नाही केली तर तुम्ही जाल. तुमच्या मागोमाग तो जाणारच आहे."

त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, माझ्या पदाला शोभेल इतपत.

"आणि लोकांचं काय? विपुल सरांचा निळा फोनमध्ये मंद चालवला तरी दोन वर्षं टिकणार नाही. पडदे पिवळे पडतील. तक्रारी येतील."

"असलेच होस्ट विकत आलोय आपण. एक तक्रार आलेली नाही."

"असं कसं होईल?"

"अहो, निळा उतरायच्या आत लोक फोन बदलतात. त्या बिचाऱ्याला मरायला सवडच मिळत नाही. तुमचा दिवा पुरून उरेल हो, पण कुणाच्या हातात?"

मॅडमनी माझ्या टेबलावरच्या कोऱ्या फोनकडे रागाने पाहिलं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हातातल्या फोनकडे गेलं. तो त्यांनी नुकताच ईदला घेतला होता. आधीचाही चांगला चालत होता, असं त्या पुटपुटल्या. पेन उचललं. सही केली. आता त्यांची आई कॉलनीत संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. दिवा मी स्वतः बंद केला. प्लग काढेपर्यंत तो तसाच होता.

हे वाचून तुम्हाला आमचा संताप आला असेल, तर तो योग्यच आहे. तुमचा आधीचा फोन कपाटात पडला असेल. तो काढा, चार्जिंगला लावा, आणि पडदा नीट बघा. त्याचा निळा खरोखर उतरलेला दिसला, तर तक्रार थेट माझ्या नावाने पाठवा. ती पहिलीच असेल.