ब्रॉडबँडवरचं बारसं

नातीचं बारसं आपल्या आळीत ब्रॉडबँड आल्यावरच करायचं, असं मी मस्कतला मुलीला फोनवर सांगून टाकलं, तेव्हा ते वाक्य मला काही फार मोठं वाटलं नव्हतं. बोलणं आवरायचं होतं आणि तिकडे वेदिका रडवेली झाली होती.

"आई नाही, मग पाळणा कोण म्हणणार?"

"आई इथूनच म्हणेल, कॉम्प्युटरवरून. ब्रॉडबँड आता आलंच समज."

हे मी कशाच्या आधारावर म्हटलं? तर आळीच्या तोंडाशी केबलचं एक भलंमोठं लाकडी चाक येऊन पडलं होतं. (मी मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. आमच्याकडे बर्फाची गाडी दाराशी लागली की बर्फ आला असं धरतात.)

सगुणाला, म्हणजे माझ्या बायकोला, मस्कतला जाणं शक्य नव्हतं. तिच्या पासपोर्टचं घोडं कुठेतरी अडलं होतं. पहिली नात, आणि तिला बघितलेलं फक्त पोस्टाने आलेल्या फोटोंत. "पाळण्याला हात लागायचा नाही, ते कळतंय मला," ती म्हणाली, "पण नाव ठेवताना पोरीचं तोंड तरी दिसू दे." एवढंच तिचं मागणं होतं. ते मी अंगावर घेतलं.

चाक जिथे होतं तिथेच राहिलं. मासळी विकणारी सखू त्यावर टोपली टेकवून भाव सांगू लागली. मग त्याच्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. वेदिकाचा फोन आला की ती विचारी, "बाबा, आलं का?"

"चाक आलंय."

"ते तर मागच्या वेळीच आलं होतं."

तिकडे बाळ मान धरायला लागलं, मग पालथं पडायला लागलं. कागदोपत्री तिचं नाव लागलेलं होतं, पण बारशाआधी ते कुणी उच्चारायचं नाही असा सगुणाचा हुकूम होता. त्यामुळे एवढी थोरली मुलगी नुसती 'बाळ' म्हणूनच पालथी पडत होती. आमचे जावई अतिशय सभ्य. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाबा, शाळेत घालायच्या आत होईल ना?"

सगुणाची विचारण्याची तऱ्हा वेगळी. बाजारातून येताना चाकाला एक थाप मारायची आणि घरी आल्यावर माझ्याकडे बघायची. ती थाप मला घरात बसून ऐकू येत असे.

शेवटी मी टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे संदेश नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग खरं काय ते सांगितलं.

"फायबर मोठ्या रस्त्यापर्यंत आलेलं आहे, आप्पा. तिथून तुमच्या आळीत न्यायचं म्हणजे जांभा फोडायचा. एका गिऱ्हाइकासाठी कोण फोडेल? तुम्ही आठ घरं तयार करा. मी कोपऱ्यावर पेटी बसवतो, पेटीतून घरोघर तार. टेलिफोनही मग त्याच तारेवर."

मी आठ घरं तयार करायला निघालो. जी गोष्ट मी स्वतः कधी डोळ्यांनी बघितली नव्हती, ती मी दारोदार विकत होतो.

आनंदीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी विचारलं, "त्याने होतं काय?"

"मुलांशी बोलता येतं."

"मुलगा माझ्याच घरात राहतो, वरच्या मजल्यावर. बोलायला लागू नये म्हणूनच वर राहतो."

"गणपतीपुळ्याचा गणपती घरबसल्या दिसेल."

"आणि प्रसाद?"

"प्रसाद नाही."

"मग मी एसटीनेच जाईन." पण शेवटी हो म्हणाल्या. (शेजारची कुलसुम घेणार आहे, एवढं मी जाता जाता सांगितलं होतं.)

कुलसुमचे यजमान युसुफभाई. जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, आणि आमचे अगदी भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आप्पा, तुम्हाला चालवता येतं काय ते?"

"अजून नाही."

"मग बघितलंय तरी?"

"चाक बघितलंय."

"घाला आमचं नाव. नबीलने कुवेतहून कॉम्प्युटर पाठवलाय. सध्या कुलसुम त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते."

अशी आठ घरं जमली. आठांत आमचं घर धरलेलं नव्हतं. पंगत वाढणारा पानं मोजतो तेव्हा स्वतःचं पान मोजत नाही. मीही मोजलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

जांभा फुटला, चाक रिकामं झालं, कोपऱ्यावरच्या भिंतीला पेटी लागली. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून बारशाचा शुक्रवार ठरला. सगुणाने बाहेरची खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली, दारात रांगोळी काढली आणि भाड्याने आणलेल्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं. आदल्या दिवशी संदेश तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन थेट आमच्या दारात आला.

"आप्पा, पहिलं तुमचं करू."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने "या" म्हटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "छे, छे, आधी शेजाऱ्यांचं होऊ दे. आमचं काय, घरचंच."

सगुणा आतून खाकरली. तिला सर्दी झाली असावी असं मला वाटलं.

दिवसभर मी संदेशबरोबर घरोघर हिंडलो. प्रत्येक घरी कोकम सरबत घेतलं, प्रत्येक घरी "आप्पांमुळे झालं हो" हे ऐकून मान खाली घातली. (त्यासाठी मान आधी थोडी वर ठेवावी लागते.) संध्याकाळी शेवटी युसुफभाईंकडे तार लागली आणि संदेशने पिशवी आवरली.

"चला, आता आमच्याकडे," मी म्हटलं.

"तुमच्याकडे? पेटीत आठच जागा असतात, आप्पा. भरल्या."

"मग माझं काय?"

"तुम्ही त्या आठांत नव्हता?"

"मी आठ जमवणारा होतो."

संदेशला खरोखरच वाईट वाटलं. दुसरी पेटी बसवता येईल, म्हणाला. कधी, ते विचारल्यावर त्याने आळीच्या तोंडाकडे नजर टाकली. "केबलचं नवीन चाक आलं की."

घरी आलो. सगुणा दारातच उभी होती.

"लागलं?"

"सगळ्यांचं लागलं."

"आणि आपलं?"

"आपण शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

मी पायरीवर बसून पायांतल्या चपला फार वेळ काढत राहिलो. सगुणा आत गेली आणि वेदिकाला फोन लावायला बसली. बारसं पुन्हा पुढे गेलं, हे तिलाच सांगावं लागणार होतं. दोन आकडे फिरवले आणि तिचा हात थांबला. तेवढ्यात परसातून कुलसुमची हाक आली.

"सगुणावहिनी, फोन ठेवा खाली. बारसं उद्या आमच्याकडे करायचं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? भिंत केवढी आपली."

मागून युसुफभाईंचा आवाज आला, "जुम्म्याच्या नमाजाआधी उरकेल ना? मग काय हरकत नाय."

शुक्रवारी सकाळी युसुफभाईंच्या माडाची झावळ नेमकी तारेवर पडली. तार तुटली नाही, पण खिडकीशी जिथे जोड होता तिथे तो सुटला आणि कॉम्प्युटरवरचं चित्र गेलं. संदेशचा फोन लागेना. आत आळीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, तिकडे मस्कतला पाळणा सजलेला. मी बाहेरून गजांमधून हात घातला आणि सुटलेली टोकं चिमटीत दाबून धरली. चित्र आलं. सोडली, गेलं. पुन्हा धरली, आलं.

"आप्पा," युसुफभाई शांतपणे म्हणाले, "आता तसेच राहा."

मी तसाच राहिलो. हात खांद्यापर्यंत आत, गाल बाहेरच्या भिंतीला, डोळ्यांसमोर शेवग्याचं झाड. आत काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. सगुणाने पाळणा म्हणायला घेतला. पहिल्या कडव्याला तिचा आवाज कापत होता, दुसऱ्यापासून सरळ झाला. "बघा, आवाजाकडे बघतंय बाळ," कुलसुम म्हणाली, आणि आनंदीबाईंनी नाक ओढल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. शेवग्यावर दोन साळुंक्या होत्या. त्यांना मी अजून ओळखेन.

बायकांनी कुर्रर्र केलं, इरा हे नाव मोठ्याने घेतलं गेलं, आणि नेमकी त्याच क्षणी युसुफभाईंच्या टेलिफोनची घंटा वाजली. (ब्रॉडबँड नीट चाललंय का, हे विचारायला नबीलने कुवेतहून फोन केला होता.) घंटा वाजली की त्या तारेतून वीज येते, हे मला माहीत नव्हतं. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी "आई गं" म्हटलं, पण चिमटी सोडली नाही. आतल्या बायकांना वाटलं, आप्पांना भरून आलं.

"बाबा दिसत नाहीत ते?" वेदिका विचारत होती.

"हायत ना," युसुफभाई म्हणाले. "तेच सगळं सांभाळतायत."

नमाजाच्या आधी सगळं उरकलं. संध्याकाळी वेदिकाचा घरी फोन आला. ती खूश होती. तिला सगळे दिसले होते, आनंदीबाई, कुलसुमचाची, आईची जांभळी साडी. मी सगुणाच्या कानाशी कान लावून ऐकत होतो.

"आई, ती खिडकीतून आलेला हात कुणाचा होता गं? शेवटपर्यंत जरा हलला नाही. वायरमन होता का?"

सगुणाने माझ्याकडे बघितलं. सगळी हकीकत सांगायची म्हणजे चाकापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिकडे मिनिटं पळत होती.

"हो," ती म्हणाली.

"भला माणूस दिसला. त्याला बारशाचे पेढे दिलेस ना?"

"देते हो," म्हणून सगुणाने फोन ठेवला, आत गेली आणि बशीत दोन पेढे घेऊन आली. बशी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "घ्या. वेदिकाने वायरमनला द्यायला सांगितलेत."